तातडीच्या चिठ्ठ्या

"मावशी, तोंड उघडा. अजून मोठं. लाजू नका."

डॉक्टर मॅडमच्या हातात रबरी हातमोजा व्हता. त्या हातानं त्यांनी माझा खालचा व्हट धरला आन् खाली वढला. दुसऱ्या हातात ब्याटरी. ब्याटरीचा उजेड माझ्या दातांवर. समोर ग्राउंडवर आख्खी शाळा रांगेनं बसलेली, पयलीपासून धावीपर्यंत.

"बघा मुलांनो," मॅडम माईकवर म्हनाल्या. "मिश्री लावली की दात असे होतात. हिरड्या बघा, काळ्या पडल्यात. वासाचं तर विचारूच नका."

पोरं हसली.

पांढरा कोट घातलेली एक पोरगी मोबाईल घेऊन पुढं आली. मॅडम तिला म्हनाल्या, "क्लोजअप घे. असं उदाहरण परत मिळायचं नाही."

उदाहरन. सात वर्सं मी त्या आश्रमशाळंत सैपाक करत व्हते. ह्या पोरांना ताप आला की पेज मी केली. नव्यानं आलेलं पोर घरची आठवन काढून रडलं की त्याला चुलीपाशी बसवून भाकरी मी दिली. आन् आता मी उदाहरन.

तोंड उघडं, व्हट दुसऱ्याच्या हातात. लाळ गळाया लागली तर पुसता येईना. डोळं मिटून घ्यावंत तर भ्याले असं दिसंल. मी डोळं उघडंच ठेवलं. मला सातवीची रांग दिसली. त्या रांगंत माझी लेक दिव्या बसलेली व्हती.

ती हसत व्हती. सगळ्यांसंगं. मग माझी नजर तिच्यावर गेली आन् तिनं तोंडावर हात ठेवला.

*

हे कसं झालं ते सांगते.

आमची शाळा घोडेगावाच्या वर, डोंगरात. मी आहुप्याकडच्या एका वाडीची. माझं शिक्षन सातवीपर्यंत. नवरा पाच वर्सांमागं गेला, तवापास्नं मी आन् दिव्या शाळंच्याच मागल्या खोलीत ऱ्हायचो. मी रोजंदारीवर. कायम न्हाई. दर वर्साला जूनमधी मोठ्या सरांनी, म्हंजी हेडमास्तरांनी, हो म्हनलं तर काम.

त्या दिशी पुन्याहून दातांचे डॉक्टर आले व्हते. दर वर्साला जानेवारीत यायचे. मोठी गाडी, पांढरे कोट, टोपलीएवढा पलास्टिकचा जबडा आन् त्याला घासायला हातभर लांब ब्रश. पोरांची गंमत व्हायची. एकेकाचं तोंड बघायचे, चिठ्ठीवर काय तरी लिहायचे. मग सगळ्यांना ग्राउंडवर बसवून भाषन.

भाषनात मॅडमनं इचारलं, "तुमच्या घरी मिश्री कोण लावतं?"

लई हात वर झाले. आमच्याकडं कुनाच्या घरी न्हाई? तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी उठलं की बाया बोटानं दातांना लावत्यात, मग कामाला लागत्यात.

"आणि तुमच्यापैकी कुणी लावली आहे का?"

मग तिसरीतली सावी उठली. आठ वर्सांची पोर. गाल सुजलेला. तिला वाटलं खरं बोललं तर शाबासकी मिळंल.

"मला मावशीनी लावली. सैपाकाच्या मावशीनी."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी भाताच्या पातेल्यापाशी उभी व्हते, हातात उलथनं.

ती खोटं बोलली न्हाई. आठ दिस आधी दुपारी ती गाल धरून सैपाकघरात आली व्हती. "मावशी, दुखतंय." मी तिला वसतिगृहाच्या अधीक्षक सरांकडं धाडलं. त्यांनी तापाची एक गोळी दिली. दुसऱ्या दिशी परत आली. परत गोळी. तिसऱ्या दिशी तिला भात चावंना. भिताडाला टेकून बसली आन् आवाज न करता रडत ऱ्हायली. तिचे आई-बाप खाली आळे गावाकडं कांद्याच्या कामाला गेलेले. मी काय करावं? मी माझी डबी काढली, चिमूटभर मिश्री तिच्या दाढंवर दाबली. थोड्या येळानं ती निजली.

मला दुसरं काय ठावं न्हवतं. माझ्या आईनं माझ्यावर हाच इलाज केला व्हता. मी नऊ वर्साची असंल. भाताची लावनी चाललेली. दाढ अशी ठनकत व्हती की रोप हातातून सुटत व्हतं. आईनं कंबरंची डबी काढली, दाढंवर बोट दाबलं. "गप ऱ्हा, आता बधीर व्हईल." बधीर झालं. दाढ बी बधीर झाली आन् भूक बी. दुसऱ्या दिशी मीच मागितली. नऊ वर्सापास्नं अडतीसाव्या वर्सापातूर मी ती सोडली न्हाई.

म्हनून सांगते, मॅडम मिश्रीबद्दल जे बोलल्या ते खरं व्हतं. मी पोराच्या तोंडात ईख घातलं, हे बी खरं व्हतं. मला बाजूला घेऊन सांगितलं असतं, चार शब्द रागानं बोलल्या असत्या, तरी मी खाली मान घालून ऐकलं असतं.

त्यांनी मला बाजूला घेतलं न्हाई. माईकवर बोलावलं. मोठे सर पहिल्या खुर्चीवर बसले व्हते. तेच म्हनाले, "या, या मावशी, डॉक्टर बोलावतायत." मी गेले. पाय आपोआप गेले. आमाला सवयच तशी. साहेबानं बोलावलं की जायचं.

मॅडमनं माझा व्हट सोडला, हातमोजा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला आन् बाजूच्या सरांना हळू म्हनाल्या, "या लोकांना कितीही सांगा." हळू म्हनाल्या, पन माईक चालू व्हता.

जाताना त्यांनी पोरांना ब्रश दिले, गुलाबी पेस्ट दिली. आन् प्रत्येकाला क्रीमच्या बिस्किटाचा पुडा आन् दोन चाकलेटं. दातांसाठी आलेली मानसं. ती चाकलेटं वाटायचं काम माझ्याकडं दिलं. मी वाटली. एकेका पोराच्या हातावर ठेवताना पोरं माझ्या तोंडाकडं बघत व्हती. चौथीतल्या एकानं नाकाला बोटं लावली.

*

संध्याकाळी भांडी घासून मी खोलीत गेले. दिव्या पुस्तक उघडून बसली व्हती. पान उलटत न्हवती.

मी म्हनले, "हसलीस?"

तिनं पुस्तक मिटलं. मग एकदम म्हनाली, "तू उघडलंसच कशाला?"

"काय?"

"तोंड. त्यांनी सांगितलं आन् तू उघडलंस. न्हाई म्हनायचं व्हतंस."

तेरा वर्सांची पोरगी. न्हाई म्हनता येतं, हे माझ्या डोस्क्यातच आलं न्हवतं. व्हट वढताना बी न्हाई, फोटू काढताना बी न्हाई.

दुसऱ्या दिशी सकाळी मी मिश्रीची डबी चुलीत टाकली. मॅडमच्या भाषनामुळं न्हाई. सावीच्या तोंडात घातलेलं माझं बोट मला दिसत व्हतं म्हनून. पुढचे पंधरा दिस लई वाईट गेले. डोकं फुटतंय असं वाटायचं. हात थरथरायचे, भाकरी तव्यावर वाकडी पडायची. माझ्यासंगं सैपाक करनाऱ्या हौसाबाई म्हनायच्या, "अगं, चिमूटभर लाव, कुनाला कळतंय?" मी लावली न्हाई. राग लई व्हता. त्या रागाचा तेवढा उपेग झाला.

डोकं हलकं व्हत गेलं तशी मी बघाया लागले. आधी बी डोळं व्हते, पन बघत न्हवते.

सकाळी पोरं ब्रश घेऊन नळावर यायची. फेब्रुवारी लागला तसं बोरचं पानी खाली गेलं. नळाला करंगळीएवढी धार, ती बी अर्धा तास. मग टँकर येईल तवा. ते पानी आधी सैपाकाला, मग प्यायला. ब्रश घेतलेली पोरं रांगेत उभी, तोंडात फेस, आन् चूळ भरायला पानी न्हाई. ल्हान पोरं फेस गिळून टाकायची. पयलीतली दोन पोरं तर पेस्ट बोटावर घेऊन चाटायची, गोड लागती म्हनून. ग्राउंडच्या कडंला उभं ऱ्हायलं की खाली लांब धरनाचं पानी चमकताना दिसतं. ते पानी कालव्यानं खाली सपाटीला, निरगुडसरकडच्या गावांना जातं. वर आमी डबडं घेऊन रांगेत.

आन् वऱ्हांड्याच्या भितीवर तक्ता लावलेला. पोरांची नावं, पुढं चौकोन. सकाळी दात घासले, रात्री घासले. रोज हिरव्या पेनानं बरोबरची खून करायची. एका शनिवारी मी भाजी निवडत बसले व्हते, तवा मोठ्या सरांनी धावीच्या दोन पोरींना बोलावलं आन् आख्ख्या महिन्याच्या हिरव्या खुना एका बैठकीत भरून घेतल्या. पुन्याची मानसं मार्चमधी परत येनार व्हती. चांगल्या शाळंला बक्षीस देनार व्हती.

*

त्याच आठवड्यात सावीचा गाल परत सुजला. ह्या टायमाला डोळ्यापातूर. अंगात ताप. मी अधीक्षक सरांना सांगितलं, हिला घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात न्यायला पायजे. ते म्हनाले, मानूस न्हाई. मी म्हनले, मी नेते. तिच्या बापाला फोन लावायचा व्हता, आन् तिचे कागद पायजे व्हते. क्लार्क सुट्टीवर. मोठे सर मिटिंगला निघाले व्हते, त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "कपाटात खालच्या खनात असेल. बघा आणि कुलूप लावा."

खालच्या खनात फायली व्हत्या. फायलींच्या मागं सुतळीनं बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा व्हता.

मी सुतळी सोडली. पयल्या चिठ्ठीवर एका पोराचं नाव, इयत्ता, दाताचं चित्र, त्यावर लाल गोल. खाली लिहिलेलं: 'दाढ किडलेली. तातडीने रुग्णालयात पाठवावे.' दुसरी चिठ्ठी. तिसरी. मी खाली फरशीवर बसले आन् एकेक वाचाया लागले. काहींवर नुसतं 'स्वच्छता ठेवावी'. लई चिठ्ठ्यांवर 'तातडीने'. वर तारीख. मागच्या वर्साची जानेवारी.

सावीची चिठ्ठी सापडली. खालची डावी दाढ. तातडीने.

म्हंजी ही पोर माझ्याकडं गाल धरून आली, त्याच्या वर्सभर आधी कुनाला तरी ठावं व्हतं. ज्यांनी लिहिलं त्यांना ठावं व्हतं. ज्यांनी सुतळी बांधली त्यांना ठावं व्हतं. तिच्या आई-बापाला न्हवतं. मला न्हवतं. आन् तोंड कुनाचं उघडलं? माझं.

गठ्ठा संपत आला तवा आनखी एक चिठ्ठी हातात आली. नाव वाचलं. परत वाचलं.

दिव्या. इयत्ता सहावी. वरची उजवी दाढ. तातडीने.

माझी चूल त्या कपाटापास्नं पन्नास पावलांवर. वर्सभर.

मी सगळा गठ्ठा पदराखाली घेतला. सर म्हनाले व्हते बघा आन् कुलूप लावा. मी बघितलं. कुलूप लावलं.

*

सावीचे कागद काढले, तिच्या बापाला फोन लावला आन् सकाळच्या एसटीनं तिला घेऊन घोडेगावला गेले. दिव्याला बी संगं घेतलं. सावीचा बाप आळ्याहून परस्पर दवाखान्यात आला, आंगावरचा मळका शर्ट तसाच. दवाखान्यातला दातांचा डॉक्टर तरना पोरगा व्हता. त्यानं सावीचं तोंड बघितलं आन् आदी तिलाच इचारलं, "मी हात लावू का गं?" मला ते वाक्य ऐकून कसं तरी झालं. इचारायला एवढाच टायम लागतो तर.

त्यानं चिठ्ठीवरची तारीख बघितली. म्हनाला, "ही दुधाची दाढ नाही, पक्की दाढ आहे. तेव्हा आणलं असतं तर भरता आली असती. आता काढावी लागेल. परत येत नाही ही."

सावीचा बाप माझ्याकडं बघत म्हनाला, "मावशी, आमाला तवा कुनी फोन बी केला न्हाई वो. मी पायी आलो असतो."

सुज उतरायला आधी औषधं दिली, पाच दिसांनी परत बोलावलं आन् दाढ काढली. दिव्याची दाढ भरता आली. थोडक्यात वाचली, असं डॉक्टर म्हनाला.

परतीच्या एसटीत मी दिव्याला म्हनले, "तुला दुखत व्हतं?"

"कधी कधी."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

ती खिडकीतून भाईर बघत व्हती. "तुला सांगितलं असतं तर तू मिश्री लावली असतीस."

ग्राउंडवर तोंड उघडून उभी व्हते तवा मी रडले न्हाई. डबी सोडताना न्हाई. एसटीत मात्र पदर तोंडात कोंबून बसले. माझी लेक दाढ दुखत असताना हात तोंडावर ठेवून जगत व्हती, आन् मला सांगायला भीत व्हती. मला. तिची आई म्हनून न्हाई, तर मिश्रीची डबी म्हनून.

दुसऱ्या दिशी मी मोठ्या सरांच्या केबिनमधी गेले. सात वर्सांत पयल्यांदा हातात त्यांच्या चहाचा कप न घेता गेले.

"सर, मागच्या वर्साच्या दातांच्या चिठ्ठ्या आई-बापांना दिल्या का?"

त्यांनी मान वर केली न्हाई. "पालकांनी न्यायचं असतं. शाळेला गाडी नाही, माणूस नाही."

"पन पालकांना सांगितलं का?"

"मावशी, तुम्ही स्वयंपाक बघा."

मी उभीच ऱ्हायले. मग त्यांनी मान वर केली. आवाज गोड केला. "तुम्ही मिश्री सोडलीत म्हणे? चांगलं केलंत. मॅडमना कळवलंय मी. कार्यक्रमात तुमचा सत्कार ठेवलाय."

*

मार्चमधी मांडव घातला. मोठी गाडी आली. खालून तालुक्याचे दोन-तीन पावने आले. भितीवरचा हिरवा तक्ता पुढं आनून लावला. टँकर आदल्या दिशीच बोलावलेला, त्यामुळं त्या सकाळी नळाला चांगली धार. पोरं नळावर ब्रश करताना त्यांचे फोटू निघाले.

मी इस्त्रीची साडी नेसून मांडवात बसले. गठ्ठा पिशवीत घालून मांडीवर ठेवला व्हता. हौसाबाई बाजूला. त्यांना ठावं व्हतं. माझा हात दाबून म्हनाल्या, "काम जाईल बघ." मी म्हनले, "जाईल."

मॅडमनं माझं नाव घेतलं न्हाई. त्यांना ठावं न्हवतं. म्हनाल्या, "आपल्या स्वयंपाकाच्या मावशी! मागच्या वेळी तुम्ही त्यांचे दात पाहिलेत. त्यांनी मिश्री सोडली! टाळ्या!" टाळ्या झाल्या. मी वर गेले. मॅडमनं शाल दिली, आन् मोबाईलवाली पोरगी पुढं आली. मॅडमनं हातमोजा चढवला. हसून म्हनाल्या, "आता आपण फरक बघू. मावशी, तोंड उघडा."

"न्हाई."

त्यांना वाटलं ऐकू आलं न्हाई. "मोठं उघडा."

"न्हाई उघडनार. तोंड माझं हाय."

मोठे सर खुर्चीवरून अर्धे उठले. मी पिशवीतून गठ्ठा काढला. मी माईकपाशी गेले आन् वाचाया लागले. पोराचं नाव. इयत्ता. कोनती दाढ. तातडीने. तारीख.

दुसरं नाव. तिसरं.

"मावशी, खाली बसा," मोठे सर म्हनाले.

"बसते सर. नावं संपली की."

त्यांनी माईकची वायर वढली. आवाज गेला. मी तशीच वाचत ऱ्हायले, मोठ्यानं. आमी डोंगराकडच्या बाया ह्या शेतातून त्या शेतात हाका मारनाऱ्या. आमाला माईक कशाला पायजे? मांडवाच्या कडंला काही आया-बाप उभे व्हते. आपल्या पोराचं नाव आलं की कुनी तरी "आं?" असं म्हनायचं. एक बाई पुढं आली, तिनं माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, उलटी धरली. तिला वाचता येत न्हवतं. तिनं ती घडी घालून पोलक्यात ठेवली. एक नाव वाचलं तर पोरं म्हनाली, ती शाळा सोडून गेली. ती चिठ्ठी मी माझ्याच हातात ठेवली.

मग दिव्याचं नाव आलं. मी वाचलं. ती सातवीच्या रांगंत व्हती. तिनं मान वर केली न्हाई. मी पुढचं नाव वाचलं.

वाचून झालं. मॅडमचा चेहरा पडला व्हता. त्या मोठ्या सरांना म्हनाल्या, "हे आमचेच कागद आहेत. तुम्ही पाठवलं नाहीत मुलांना?" सर काय तरी पुटपुटले. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "मावशी, खरंच सांगते, मला हे कुणी सांगितलं नाही. आम्ही तपासून देतो. पुढचं शाळेकडे असतं."

मला त्या खोटं बोलतात असं वाटलं न्हाई. म्हनूनच जास्त राग आला.

मी म्हनले, "जानेवारीत तुमी परत आलात. मागच्या वर्सी ज्यांच्या चिठ्ठीवर तातडीनं लिहिलं, ती पोरं आदी बघितली का? एकाला तरी इचारलं का, बाळा, गेला व्हतास का दवाखान्यात? न्हाई. माझं तोंड बघितलंत. सावी सुजलेला गाल घेऊन तुमच्या म्होरं उभी ऱ्हायली, तवा बी तुमी माझंच तोंड बघितलंत."

मॅडमचा हातमोजा घातलेला हात तसाच वर ऱ्हायलेला.

मी शाल घडी करून टेबलावर ठेवली आन् खाली उतरले. भाताचं पातेलं चुलीवर व्हतं.

*

शाळंला बक्षीस मिळालं. पेपरात फोटू आला, नळावर ब्रश करनाऱ्या पोरांचा. टँकर दुसऱ्या दिशी आला न्हाई.

पन त्या आठवड्यापास्नं आया यायला लागल्या. दर मंगळवारी सकाळच्या एसटीला दोन-तीन बाया, संगं पोर, हातात ती जुनी चिठ्ठी. घोडेगावच्या त्या डॉक्टरानं एक दिवस इचारलं, "तुमच्याकडची एवढी पोरं एकदम कशी यायला लागली?" काहींच्या दाढा भरल्या. काहींच्या काढाव्या लागल्या. ज्यांच्या काढल्या त्यांचा हिशोब कुनी देनार न्हाई.

जूनमधी मोठे सर म्हनाले, "यंदा स्वयंपाकाला गरज नाही." कागद दिला न्हाई, कारन रोजंदारीला कागद लागत न्हाई. मी खोली रिकामी केली. आता वाडीत ऱ्हाते, भावाच्या शेतात लावनीला जाते. दिव्या त्याच शाळंत, वसतिगृहात ऱ्हाऊन, आठवीत हाय. तिला म्हनले व्हते, तुला घोडेगावच्या शाळंत टाकते, ह्या शाळंत तुला आता त्रास देतील. ती म्हनाली, "न्हाई. मी हितंच शिकनार." मग म्हनाली, "आई, त्या दिशी माझं नाव वाचलंस ना, तवा मला मेल्यासारखं झालं." मी म्हनले, "मला ठावं हाय." ती म्हनाली, "पन वाचायलाच पायजे व्हतं." अजून ती माझ्याशी सगळं बोलत न्हाई. पन दुखलं की सांगते.

मला इचारत्यात, काम गेलं, काय मिळालं? मी सांगते, अजून काय बी मिळालं न्हाई. नळ तसाच हाय. मोठे सर त्याच खुर्चीवर हायेत. जानेवारीत मोठी गाडी परत येईल.

पन सैपाकीन म्हनून मला काढता आलं, दिव्याची आई म्हनून काढता येत न्हाई. शाळंच्या समितीत पालक घ्यावे लागत्यात, हे मला आता ठावं झालंय. येत्या बैठकीत मी उभी ऱ्हानार. वाडीवाडीत जाऊन मी बायांना सांगितलंय, त्या दिशी कुनी कामाला जायचं न्हाई, सगळ्यांनी शाळंत यायचं. सावीचा बाप आळ्याहून येनार हाय.

तिथं मी काय मागनार ते बी सांगून ठेवते. डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली की त्याच दिशी ती आई-बापाला फोनवर वाचून दाखवायची, आन् रजिस्टरात त्यांचं उत्तर लिहायचं. दवाखान्यात न्यायला मानूस शाळंनं द्यायचा. नळाला पानी येत न्हाई तवर भितीवर एक बी हिरवी खून करायची न्हाई. हे लिहून देत न्हाईत तवर आमी उठनार न्हाई.

आन् कुनी परत एखाद्याला चारचौघांत म्होरं वढून व्हटाला हात घालायला गेला, मग तो कितीबी मोठा डॉक्टर असू दे, त्याच्या आन् त्या तोंडाच्या मधी मी उभी असंल.